टँक धुतला की गळतो, कॉइल बदलली की जळका ठसका: रिफिल व्हेपचं नेहमीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकून द्यायचे (डिस्पोजेबल) व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकायला बंदी आली आणि लोक पुन्हा भरायच्या, म्हणजे रिफिलच्या व्हेपकडे वळले. तेव्हापासून इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा कानावर येतंय. "रिफिलचा टँक (लिक्विड भरायची छोटी टाकी) घेतला. सुरुवातीला मस्त चालला. मग चव बिघडली म्हणून स्वच्छ धुतला, तर आता खिशातच गळतो." दुसऱ्याचं म्हणणं, धुतल्यापासून गुडगुड आवाज येतो आणि ओढताना तोंडात गरम थेंब उडतो. तिसऱ्याला नवी कॉइल (लिक्विड तापवणारी तार) घातल्या घातल्या जळकट ठसका लागतो. आणि तिघांचंही शेवटचं वाक्य ठरलेलं: "त्यापेक्षा ते डिस्पोजेबल बरं होतं."

हे वाक्य मला लागतं, कारण त्याच्या पुढची पायरी बहुतेक वेळा सिगारेटचं पाकीट असते. वर्षानुवर्षांची सिगारेट मोठ्या कष्टाने सोडलेला माणूस एका रबरी रिंगेपायी परत पाकीट विकत घेतो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. या तक्रारींमध्ये टँक खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं थोडी. बहुतेकदा धुवायचा नाही तो भाग धुतलेला असतो, ओला असतानाच टँक जोडलेला असतो, नाहीतर त्या कॉइलला न पेलणारं लिक्विड भरलेलं असतं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, आणि साठा सोडून बाकीच्यांत पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे खालचं सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. दुसरं म्हणजे, व्हेप ही सिगारेट सोडण्यासाठीची काठी आहे. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगम यांच्यापेक्षा निकोटीनच्या व्हेपने जास्त लोकांची सिगारेट सुटते, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात भक्कम पुराव्यानिशी आलंय. पण ते निरुपद्रवी नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये, आणि पोरासोरांनी तर मुळीच नाही.

टँकमधलं लिक्विड खाली का पडत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी तुमच्या तुम्हीच सोडवाल. टँकच्या मधोमध एक नळी असते, तिच्या तळाशी कॉइल. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं किंवा जाळी, भोवती कापूस आणि बाहेर धातूचं छोटं नळकांडं. नळकांड्याला भोकं असतात आणि त्यांतून कापूस लिक्विड शोषून घेतो. आता प्रश्न असा, की त्याच भोकांतून सगळं लिक्विड आत येऊन खालच्या हवेच्या वाटेने बाहेर का वाहून जात नाही? तर टँकच्या वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून. स्ट्रॉचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की आतलं सरबत जागेवर राहतं, तसंच.

अंगठा जरा उचलला की सरबत खाली. टँकच्या बाबतीत हा अंगठा म्हणजे वरचं झाकण, काचेच्या वरची रबरी रिंग आणि काचेच्या खालची रबरी रिंग. यांतलं काहीही सैल, वेडंवाकडं किंवा तडकलेलं असलं तर वरून हवा आत शिरते आणि खालून लिक्विड बाहेर पडतं. म्हणजे गळती दिसते तळाशी, दोष असतो वर. लोक नेमके इथेच फसतात. तळ पुसत बसतात, तळ घट्ट पिळतात, जोर लावून आटे घालवतात, आणि वरच्या रिंगेकडे कुणी बघतच नाही.

लेस्टरमध्ये बस चालवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांनी गळतीला कंटाळून टँक बदलला, दुसराही गळायला लागला. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरी ताटली ठेवून तिच्यावर तो सुटा केला. सगळे भाग चकाचक, काच लख्ख. पण काच बसते त्या खोबणीतली पारदर्शक रिंग एका जागी उलटी वळली होती आणि तिचा केसाएवढा पदर काचेच्या कडेखालून बाहेर डोकावत होता. उजेडासमोर आडवी धरल्याशिवाय दिसलीच नसती. काच काढली, रिंग बोटाने सरळ केली, लिक्विडचा एक थेंब तिच्यावर फिरवला आणि काच न फिरवता सरळ खाली दाबून बसवली. गळती बंद. काच बसवताना ती फिरवून घट्ट करायची सवय असते ना, तिनेच रिंग पिळली जाते. धुतल्यानंतरच गळती सुरू होते त्याचं हे सगळ्यांत मोठं कारण, कारण काच एरवी कुणी काढतच नाही.

धुवायचं कसं, आणि काय धुवायचं नाही

लिक्विड संपत आलं असेल तेव्हाच धुवायला काढा. आधी उपकरण बंद करा (बऱ्याच उपकरणांत बटण पाच वेळा पटापट दाबलं की बंद होतं) आणि टँक बॅटरीपासून वेगळा करा. बॅटरीच्या भागाला पाणी लागता कामा नये. तिथला आट्यांचा खळगा आणि मधली पिन कोरड्या इअरबडने पुसायची, बस्स.

उरलेलं लिक्विड सिंकमध्ये ओतू नका. किचन पेपरवर टिपून घ्या, तो कागद पिशवीत बांधून लगेच कचऱ्यात टाका. निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे घालणं चांगलं, निदान नंतर साबणाने हात धुणं तरी सोडू नका. घरात रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर हे काम ते झोपल्यावर, नाहीतर दार लावून करा. मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम अशा एका 10 मिलिलिटर बाटलीत 200 मिलिग्रॅम निकोटीन असतं. लहान मुलाच्या पोटात त्यातला घोटभर गेला तरी जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर उलटी करवायच्या भानगडीत न पडता 999 ला फोन लावा.

मग सुटं करा: माउथपीस, वरचं झाकण, काच, तळ. कॉइल काढून बाजूला ठेवा. रबरी रिंगा टूथपिकने अलगद उचला. सुरी किंवा सुई लावली की रिंगेला बारीक चीर जाते आणि ती चीर नंतर गळते. ज्या रिंगा आपल्या आपण निघत नाहीत त्या तशाच राहू द्या. काढलेल्या रिंगा कुठल्या खोबणीतल्या हे विसरायला होतं, म्हणून सुटं करण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा, मऊ टूथब्रशने आटे आणि झाकणाच्या आतली बाजू घासा, वाहत्या पाण्याखाली साबणाचा वास जाईपर्यंत धुवा. उकळतं पाणी नको: काच तडकू शकते, प्लॅस्टिक वाकडं होतं. मेंथॉल किंवा बडीशेपेसारखी चिवट चव मागे राहिली असेल तर फक्त काच आणि स्टीलचे भाग थोडा वेळ खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवा. काही जण व्होडका किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. काच-स्टीलला ते चालतं. प्लॅस्टिकला मात्र लावू नका, आतून बारीक जाळीसारखे तडे जाऊ शकतात.

आता कॉइल. तयार मिळणारी कॉइल धुवायची नसते. हा माझा ठाम सल्ला आहे, कारण "कॉइल गरम पाण्यात भिजवा, नव्यासारखी होते" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होतं असं, की कापसाच्या तोंडाशी तारेवर करपलेल्या गोडव्याचा थर बसलेला असतो. लिक्विड गोड लागावं म्हणून त्यात सुक्रॅलोज घालतात, तेच तापून काळं चिकट कीट होतं. पाण्यात भिजवल्यावर त्या कीटाचा रंग सुटतो, पाणी तपकिरी होतं, आपल्याला वाटतं निघालं सगळं. पण करपलेला कापूस करपलेलाच राहतो, आणि नळकांड्यात घट्ट दाबलेला असल्याने आतून लवकर वाळतही नाही. त्यात लिक्विड भरलं की पाणी आणि लिक्विड मिसळून पातळ होतं, गुडगुडतं, थेंब उडवतं, खालून टिपकतं. धुतल्यावर गुडगुड, थेंब आणि गळती या तीनही तक्रारी एकदम सुरू होतात त्या अशा. स्वतःच्या हाताने तार आणि कापूस भरायचे टँक असतात, त्यांची गोष्ट वेगळी; ते करणाऱ्यांना कापूस बदलता येतो. बाकीच्यांनी कॉइल बदलावी.

वाळवण्याबद्दल सांगतो, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते. वरवर टॉवेलने पुसलं की टँक कोरडा दिसतो, पण मधल्या नळीत, आट्यांत आणि तळाच्या हवेच्या भोकांत पाणी बसून राहतं. प्रत्येक भाग जोरात झटका, टिश्यूची बारीक वळी करून नळीतून आरपार ओढा, तळाच्या भोकांत फुंकर मारा. मग सगळं कोरड्या कागदावर रात्रभर उघडं ठेवा. इथल्या दमट हिवाळ्यात एक रात्र पुरेलच असं नाही. रेडिएटरच्या जवळ ठेवलं तर चालेल, थेट त्याच्यावर नको, रबर कडक होतं. ज्यांना रात्रभर व्हेपशिवाय राहणं जमत नाही त्यांनी दुसरा टँक किंवा दुसरा पॉड (छोट्या व्हेपची काढता येणारी लिक्विडची कुपी) हाताशी ठेवावाच. घाई करून ओला टँक जोडण्यापेक्षा आणि मध्येच सिगारेट पेटवण्यापेक्षा ते दहा-पंधरा पौंड सत्कारणी लागतात.

किती दिवसांनी धुवायचा? कॉइल बदलायची वेळ आली की. तेव्हा टँक सुटा होतोच. मध्ये उगाच उघडू नका. प्रत्येक उघडझाकीत रिंगा झिजतात.

गळतोय, पण कुठून?

टँकखाली टिश्यू घालून तासभर उभा ठेवा. टिश्यूवरचा डाग कुठे येतो ते बघा.

हवेच्या भोकांतून टिपकत असेल तर आधी वरचं झाकण आणि काचेच्या रिंगा तपासा, मग कॉइल. दाबून बसवायची कॉइल असेल तर ती शेवटपर्यंत गेली नाही की गळते; आट्याची असेल तर हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. कॉइलच्या स्वतःच्याही दोन रिंगा असतात. जुनी कॉइल ओढून काढताना तिची रिंग तळातच अडकून राहते आणि नवी तिच्यावर बसवली जाते. मग दोन रिंगा एकावर एक, आणि कॉइल तिरपी. जुनी कॉइल फेकण्यापूर्वी तिच्यावर रिंग आहे ना, एवढं बघितलं तरी पुरे.

काचेच्या बाहेरच्या अंगावर ओल दिसत असेल तर तडा शोधा. काचेला पडलेला तडा दिसतो, प्लॅस्टिकला गेलेला सहजी दिसत नाही. रिकामा टँक दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवा. लिंबूवर्गी, दालचिनीची आणि बडीशेपेची चव असलेली लिक्विडं पॉलिकार्बोनेटला, म्हणजे टँकच्या पारदर्शक प्लॅस्टिकला, खातात. अशी चव आवडत असेल तर काचेचाच टँक घ्या.

फक्त पॉडच्या तळाशी, बॅटरीच्या खळग्यात पातळ ओल जमत असेल तर ती बऱ्याचदा गळती नसतेच, वाफेचं पाणी असतं. दोन-तीन दिवसांनी टिश्यूने टिपलं की झालं. त्यासाठी टँक बदलू नका. ही ओल तशीच राहू दिली तर मात्र पिनेवर चिकट थर बसतो आणि उपकरण "कॉइल तपासा" असा संदेश द्यायला लागतं.

भरताना होणारी गळती वेगळी. वरून भरायच्या टँकचं झाकण उघडलं की आतला कमी दाब गेला, म्हणजे अंगठा उचललाच. म्हणून आधी हवेची कडी (हवेची भोकं उघड-बंद करणारी फिरती कडी) पूर्ण बंद करा, मग झाकण उघडा, लिक्विड कडेने सोडा, मधल्या नळीत एक थेंबही जाऊ देऊ नका. काठोकाठ भरू नका. वर थोडी हवा राहिली नाही तर दाब तयार व्हायला जागाच उरत नाही. झाकण लावा, टँक क्षणभर उलटा धरा, उलटा असतानाच हवेची कडी उघडा, मग सरळ करा. वाचायला लांबण वाटतं, हाताला दोन दिवसांत सवय होते.

आणि सवयीचा भाग. सिगारेट ओढणारे व्हेपलाही जोरात दम मारतात. पॉडला इतक्या जोराची गरज नसते; जोरात ओढलं की वाफ होण्याआधीच लिक्विड नळीत खेचलं जातं आणि गुडगुडायला लागतं. सावकाश, लांब ओढा. गुडगुड सुरू झालीच असेल तर टँक काढा, माउथपीस खाली करून टिश्यूवर दोन-तीन झटके द्या, नळी पुसा. लिक्विड फेकायची गरज नाही.

नव्या कॉइलचा जळका ठसका

कापूस कोरडा असताना बटण दाबलं की तार कापूस जाळते. एकदाच जरी जळला तरी ती कॉइल गेली. कितीही लिक्विड ओता, चव परत येत नाही. "होईल दोन दिवसांत ठीक" म्हणत ओढत राहणं तर सगळ्यांत वाईट, कारण कोरड्या तापलेल्या कॉइलवर फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखे घातक पदार्थ जास्त तयार होतात. घशाने नको म्हटलं की थांबायचं.

नवी कॉइल बसवण्याआधी तिच्या बाहेरच्या भोकांत दिसणाऱ्या पांढऱ्या कापसावर लिक्विडचे एक-दोन थेंब सोडा. पांढरा कापूस जरासा पारदर्शक दिसायला लागला की पुरे. मग टँक भरा आणि दहा मिनिटं तसाच उभा ठेवा. बटण न दाबता दोन-तीन वेळा हलकेच ओढा. वॅट बदलायची सोय असेल तर कॉइलवर छापलेल्या आकड्यांपैकी सगळ्यांत खालच्यापासून सुरुवात करा. हे सगळं करूनही ठसका लागत असेल तर दोष लिक्विडमध्ये शोधा.

लिक्विडमध्ये मुख्यतः दोन पातळ-घट्ट द्रव असतात: व्हेजिटेबल ग्लिसरीन, जे घट्ट, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, जे पातळ. बाटलीवर 50/50 किंवा 70/30 असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा बहुधा ग्लिसरीनचा. कॉइलवर ओहम (तारेच्या विजेला होणाऱ्या रोधाचं माप) छापलेले असतात. साधारण 0.8 ओहम आणि त्याहून वरच्या, छोट्या पॉडच्या कॉइलना 50/50 लागतं. त्यांची भोकं बारीक असतात. 70/30 चं घट्ट लिक्विड कापसात वेळेवर पोचत नाही आणि कापूस जळतो. उलट 0.5 च्या खालच्या, मोठ्या वाफेच्या कॉइलमध्ये 50/50 घातलं तर ते पातळ पडतं आणि भोकांतून वाहून गळतं. म्हणजे एकच बाटली एका टँकमध्ये गळती करते आणि दुसऱ्यात जळका वास. दुकानदाराने "सगळ्यात चालतं" म्हणून दिलेल्या बाटलीवरचा आकडा एकदा वाचा.

इथेच एक धोक्याची सूचना. 20 मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट (घशाला सौम्य लागणारा निकोटीनचा प्रकार) लहान पॉडसाठी असतं. तेच मोठ्या वाफेच्या कॉइलमध्ये घातलं तर एका दमात फार निकोटीन जातं: गरगरतं, मळमळतं, छाती धडधडते. मोठ्या कॉइलला 3 किंवा 6 मिलिग्रॅम पुरतं.

कॉइल किती दिवस टिकते हा प्रश्न सगळे विचारतात. एक ते दोन आठवडे धरून चला. कस्टर्ड, डोनट, मिठाईछाप गोड लिक्विड असेल तर आठवड्याच्या आतही जाते. साधी तंबाखूची किंवा पुदिन्याची चव जास्त चालते. लिक्विड टँकमध्ये तपकिरी पडलं म्हणून घाबरू नका, निकोटीनला हवा आणि उजेड लागला की रंग गडद होतो. चव ठीक असेल तर चालू द्या.

मग डिस्पोजेबल काय वाईट होतं?

वापरायला सोपं होतं, हे मान्यच केलं पाहिजे. ना भरणं, ना कॉइल, ना धुणं. सिगारेट सोडायच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा हात थरथरतात आणि डोकं जागेवर नसतं, तेव्हा त्या सोपेपणाला किंमत होती. पण खर्च बघा. एका डिस्पोजेबलमध्ये 2 मिलिलिटर लिक्विड असायचं, किंमत साधारण पाच पौंड. 10 मिलिलिटर लिक्विड ओढायचं तर पाच नग, पंचवीस पौंड. तेवढंच लिक्विड बाटलीत तीन-चार पौंडांना मिळतं, वर एखाद्या कॉइलचे दोन-तीन पौंड. 1 ऑक्टोबर 2026 पासून लिक्विडवर 10 मिलिलिटरला 2 पौंड 20 पेन्स कर ठरलाय, त्यावर व्हॅट. तो धरूनही रिफिल निम्म्याच्या खाली राहतं. टँक 2 मिलिलिटरचा, बाटली 10 मिलिलिटरची आणि निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत, या मर्यादा 2016 च्या नियमांनी घातलेल्या आहेत.

आणि कचरा. प्रत्येक डिस्पोजेबलमध्ये एक लिथियम बॅटरी असायची, पुन्हा चार्ज करता येण्याजोगी, पण चार्जिंगची सोयच न दिलेली. मटेरियल फोकस या संस्थेच्या 2023 च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे 50 लाख असे व्हेप फेकले जात होते. कचऱ्याच्या गाडीत ते चिरडले की आग लागते. मला स्वतःला या बंदीचं हे कारण पुरेसं वाटतं.

बंदीनंतर दुकानांत दिसतात ते बरेचसे आधीपासून भरलेले पॉड: बॅटरी चार्ज करायची, पॉड संपला की नवा घ्यायचा. कायद्यात ते बसतात, कारण बॅटरी चार्ज होते आणि पॉड वेगळा विकत मिळतो. संधिवाताने बोटं आखडलेल्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला बारीक भोकात लिक्विड भरणं जमत नाही. त्यांनी खुशाल असे पॉड वापरावेत, महाग पडले तरी. सिगारेटपेक्षा ते कधीही बरं. पण ज्यांचे हात चालतात ते पॉडबरोबर बॅटरीही फेकून नवा संच घेताना दिसतात. मग ये रे माझ्या मागल्या, डिस्पोजेबलच झालं की ते.

आणखी एक. चोरून विकले जाणारे मोठे, हजारो झुरक्यांचे व्हेप अजूनही कुठे कुठे काउंटरखालून निघतात. त्यात काय भरलंय आणि किती निकोटीन आहे याचा काही भरवसा नसतो. टँक गळतो म्हणून तिकडे वळू नका.

गाडी, थंडी आणि विमान

थंड गाडीतून तापलेल्या घरात आलं की टँकमधली हवा फुगते आणि लिक्विडला खाली ढकलते. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेला टँक याच कारणाने रिकामा होतो, शिवाय बॅटरीलाही ती उष्णता घातक. खिशात ठेवताना उभा ठेवा. आडव्या टँकमध्ये कॉइलचं एक भोक हवेत आणि दुसरं लिक्विडमध्ये बुडालेलं राहतं, म्हणून दाब बिघडतो आणि गळतं.

विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा बराच कमी, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. भरलेला टँक तिथे हमखास गळतो. युरोपात फिरायला जाताना टँक पूर्ण रिकामा करून, झिपच्या पिशवीत, हातातल्या बॅगेत ठेवा. व्हेप आणि सुट्या लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे. जिथे जायचं त्या देशाचा नियम आधी बघून घ्या. भारतात जाताना मात्र उपकरण, टँक, लिक्विड सगळं इथेच घरी ठेवून जा. तिथे तितके दिवस कसे काढायचे हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगम. निघण्याच्या दोन आठवडे आधी तुमच्या भागातल्या सिगारेट सोडवण्याच्या मदत सेवेशी किंवा फार्मसीत बोलून घ्या म्हणजे ताकद किती लागेल ते ठरवता येतं.

एवढं करूनही गळत असेल तर

रिंगांचा जादा संच बहुतेक टँकच्या खोक्यातच येतो, एका चिमुकल्या पिशवीत, आणि ती पिशवी खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. शोधा. नसेल तर त्याच मॉडेलच्या रिंगा आणि काच सुटी मिळते. रिंग चपटी झालेली, ताणून सैल पडलेली किंवा बोटाने वाकवल्यावर बारीक भेगा दिसणारी असेल तर ती बदलायचीच. आटे झिजलेले असतील, झाकण तिरकं बसत असेल, तर मात्र टँकवर आणखी वेळ घालवू नका, नवा घ्या. घेताना दोनच गोष्टी बघा: त्याच्या कॉइल तुमच्या गावातल्या दुकानात सुट्या मिळतात का, आणि कॉइल वेगळी निघते की पॉडमध्येच कायमची बसवलेली आहे. कॉइल वेगळी निघणारा घ्या. आणि कॉइलचं पाकीट त्याच दिवशी घ्या. रविवारी रात्री कॉइल जळते आणि घरात दुसरी नसते, तेव्हा पेट्रोल पंपावर सिगारेट मात्र मिळते.

जुना टँक, मेलेली बॅटरी, कपाटात पडून असलेले जुने डिस्पोजेबल, यांतलं काहीही घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. व्हेप विकणाऱ्या प्रत्येक दुकानावर जुने व्हेप आणि त्यांचे भाग परत घ्यायचं बंधन आहे. काउंटरवर डबा दिसला नाही तर विचारा. लिक्विड शिल्लक असलेली जुनी बाटली असेल तर ती कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरवर घातक कचऱ्याच्या खिडकीत द्या.